आपल्याकडे गोचिडीचा ताप नाही, हे कोणी तपासलं?

गोचिडीमुळे माणसाला होणाऱ्या तापाचा विषय धाराशिव जिल्ह्यात काढला की ठरावीक उत्तरं मिळतात. हा कोकणातला, जंगलातला आजार. आपला मुलूख कोरडा, इथे त्याचं काय? शिवाय आपल्या नोंदींत असे रुग्णच नाहीत. आणि डॉक्टरांच्या बाजूने येणारं, ऐकायला सगळ्यात जबाबदार वाटणारं उत्तर म्हणजे, तपासणीचा अहवाल हातात नसताना नुसत्या संशयावरून औषध सुरू करणं हा प्रतिजैविकांचा गैरवापर आहे. ही उत्तरं मला मान्य नाहीत. पहिलं अपुऱ्या माहितीवर उभं आहे, दुसरं तर्काला धरून नाही, आणि शेवटच्यात अर्धं सत्य असल्यामुळे त्यानेच सर्वांत जास्त नुकसान होतं.

जंगलाचा समज कुठून आला ते कळण्यासारखं आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि त्यापाठोपाठ माणसं तापाने फणफणली. तो माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आणि मग सावंतवाडीत पोचला. वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या दिल्या, त्यांत काजूच्या बागा होत्या, मेलेली माकडं होती, दाट झाडी होती. वाचणाऱ्याच्या मनात गोचीड आणि जंगल यांची गाठ पक्की बसली. पण माकडताप हा विषाणूचा आजार आहे. गोचिडी त्याखेरीज दुसऱ्याच जातीचे जंतू वाहून नेतात, त्यांना रिकेट्सिया म्हणतात, आणि त्यांच्यापैकी एकामुळे होणाऱ्या पुरळ-तापाला वैद्यकात ‘इंडियन टिक टायफस’ असं नाव आहे. त्याला जंगल लागत नाही. कुत्र्याच्या कानात, पायाच्या बोटांच्या बेचक्यात बसणारी तपकिरी गोचीड त्याची एक प्रमुख वाहक मानली जाते. ती गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत, अंगणातल्या दगडाखाली, घराच्या चौकटीच्या फटीत आरामात राहते आणि महिनोन्‌महिने उपाशी तग धरते. कोरड्या हवेचं तिला वावडं नाही.

हा ताप आपल्या देशात किंवा राज्यात नवा पाहुणाही नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेगॉ यांनी गोचिडीपासून होणाऱ्या टायफससारख्या तापाविषयी १९२१ मध्ये लिहून ठेवलं. पुणे जिल्ह्यातल्या गोचीडजन्य रिकेट्सियांवर पद्बिद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९८४ सालचा आहे. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी यांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये मध्य भारतातल्या मुलांच्या अनुभवावरून या तापाच्या निदानाची गुणपद्धती मांडली. त्याच वर्षी सोलापूरच्या डॉ. अतुल कुलकर्णी यांचा मुलांमधल्या रिकेट्सिया-तापावरचा लेख प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हा ती लिहिणाऱ्यांत हे दोघेही होते. अकोला कोकणात नाही. आणि सोलापूर धाराशिवपासून किती लांब? सत्तरेक किलोमीटर. नळदुर्ग, तुळजापूर, परंड्याची माणसं गंभीर आजारात उपचाराला जातात ती सोलापूर-बार्शीलाच. दोन जिल्ह्यांच्या मधल्या पाटीपाशी गोचीड थांबते असं कोणी म्हणणार नाही. मग ताप तरी का थांबावा?

आणि आपला जिल्हा कोणता आहे ते पाहा. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने शेळीची जात देशभर ओळखली जाते, तो हा जिल्हा. काळीभोर उस्मानाबादी शेळी इथल्या अल्पभूधारकाची नडीअडीला मोडता येणारी बँक आहे. भूमचा खवा ज्या म्हशींच्या दुधावर चालतो त्या म्हशी, बालाघाटाच्या डोंगरउतारावर हिंडणारे मेंढरांचे कळप, प्रत्येक कळपामागे दोन-तीन कुत्री. दोन खोल्यांच्या घरात रात्री चोरांच्या आणि लांडग्यांच्या भीतीने करडं आत बांधली जातात, त्यांच्याशेजारी लेकरं झोपतात. दुपारी शेळ्या सावलीला बसल्या की बाई किंवा पोरगं त्यांच्या कानामागच्या, कासेजवळच्या, शेपटीखालच्या गोचिडी एकेक करून ओढतं आणि नखावर किंवा दगडावर चिरडतं. बोटं रक्ताने माखतात, ती लुगड्याला किंवा चड्डीला पुसली जातात. चिरडलेल्या गोचिडीचा रस कातडीवरच्या बारीक जखमेतून किंवा डोळे चोळताना अंगात जाऊ शकतो, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही.

याच गावात गाय आजारी पडली तर काय होतं? पशुवैद्यक येतो, ताप पाहतो, डोळ्यांच्या पापण्या उलटतो, लघवी लाल होते का विचारतो आणि कानामागे हात घालून गोचिडी आहेत का ते बघतो. संकरित गाय असेल तर थायलेरिया या गोचीडजन्य आजाराचा विचार त्याच्या मनात आधी येतो. मालकाला गोठ्यात फवारायला सांगून तो जातो. जनावरांचे ते जंतू वेगळे, ते माणसाला होत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण विचारण्याची पद्धत पाहा. गाईला ताप आला की गोचिडीबद्दल विचारलं जातं. त्या गाईचं दूध काढणाऱ्या बाईला ताप आला की कोणी विचारत नाही.

आता नोंदींचा मुद्दा. ‘आमच्याकडे रुग्ण नाहीत’ हे वाक्य तपासणी करणाऱ्याने म्हणावं. ज्याने तपासलंच नाही त्याच्या तोंडी ते शोभत नाही. खेड्यातल्या तापाच्या रुग्णाचा नेहमीचा रस्ता आपण सगळे ओळखतो. पहिले दोन दिवस गावातच एक सुई आणि गोळ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तालुक्याला रक्त तपासलं जातं. पेशी कमी आलेल्या असतात, म्हणून डेंगी. डेंगीची तपासणी निगेटिव्ह आली की विडाल. ती थोडीफार पॉझिटिव्ह येतेच, म्हणून टायफॉईड. सलाईन लागतं, त्यातून सेफ्ट्रियाक्झोन जातं. पपईच्या पानांचा रस, किवीची फळं हे नातेवाइकांच्या बाजूने चालू असतं. सातव्या दिवशी रुग्ण बरळू लागला की ‘ताप मेंदूत गेला’ म्हणून गाडी लातूरला किंवा सोलापूरला. तिथे तो वाचला किंवा दगावला, कागदावर डेंगीसदृश ताप किंवा टायफॉईड लिहिलं जातं. या सगळ्या प्रवासात रिकेट्सियाची तपासणी सुचवायची वेळच आली नाही, तर जिल्ह्याच्या तक्त्यात आकडा शून्यच राहणार. त्या शून्याचा आधार घेऊन पुन्हा तपासणी नको म्हणायचं, हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो.

पेशी कमी होणं हे एकट्या डेंगीचं लक्षण नाही, हे लोकांनाही ठाऊक व्हायला हवं. रिकेट्सिया रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरतात आणि तिथेच वाढतात. अस्तर सुजलं की वाहिन्या झिरपू लागतात. त्यातून अंगावर पुरळ येतं, पायावर सूज येते, रक्तातलं सोडियम उतरतं, प्लेटलेट खर्ची पडतात, यकृताचे आकडे चढतात. फार उशीर झाला तर बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडतात, कारण तिथला रक्तपुरवठाच बंद होतो. इतक्या थरांत पसरणारा आजार पहिल्या चार दिवसांत मात्र साधा ताप, डोकेदुखी, अंगदुखी एवढाच दिसतो. पुरळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतं, आणि काही रुग्णांना येतच नाही.

पुरळ आलं तरी ते दिसायला हवं. सावळ्या कातडीवर फिकट लाल ठिपके दिव्याखाली सहज निसटतात. या तापाची सर्वांत बोलकी जागा म्हणजे तळहात आणि तळपाय. उन्हात राबणाऱ्या बाईचे तळपाय भेगाळलेले, मातीने माखलेले, कधी मेंदीने रंगलेले असतात. ते धुऊन, उजेडात धरून पाहिल्याशिवाय काही कळत नाही. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरासमोर शंभर माणसांची रांग असते, हे मी नाकारत नाही. पण जीभ पाहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तळवे पाहायला लागतो. गोचिडीची सख्खी चुलत म्हणावी अशा बारीक किड्याच्या अळीपासून होणारा स्क्रब टायफसही इथे आठवावा. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याने धुमाकूळ घातला होता. त्यात चाव्याच्या जागी काळी खपली धरते, पण ती काखेत, जांघेत, स्तनाखाली. लुगड्यावरून तपासलेल्या बाईची ती खपली कोणाला दिसणार? पडद्याआड नर्सच्या मदतीने दोन मिनिटं पाहिलं तर अनेक दिवसांचा घोळ वाचू शकतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. कळंब, वाशी, भूम तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाचेक महिने कोपीत राहतात. बैल दाराशी, कुत्रं पायथ्याशी, पोरं पाचटावर. चाव्यानंतर ताप यायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे चावा एका जिल्ह्यात, ताप दुसऱ्यात आणि मृत्यूची नोंद तिसऱ्यात. हे घडू शकतं याचा पुरावा शेजारीच आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये माकडताप पसरला तेव्हा काजूच्या बागांत मजुरीला गेलेले बेळगावकडचे कामगार त्यात सापडले होते. आजार बेळगावचा नव्हता, रोजगार त्यांना तिथे घेऊन गेला होता. आपल्या तोडणी मजुराला ‘कुठून आलात, कुठे राहत होतात’ हे विचारल्याशिवाय त्याच्या तापाचा विचार पुराच होत नाही. आणि माकडतापासारखा विषाणू असेल तर पुढे सांगितलेलं औषध त्यावर चालणार नाही, नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडेच जायला हवा. म्हणून प्रवासाचा प्रश्न आणखी महत्त्वाचा.

आता प्रतिजैविकांच्या गैरवापराचा आक्षेप. जंतू औषधांना दाद देईनासे होत आहेत, ही चिंता खरी आहे आणि ती बाळगणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे. पण ती इथे लागू करताना दोन गोष्टी विसरल्या जातात.

रिकेट्सियाविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात मोजण्याइतकी व्हायला साधारण आठवडा जातो. म्हणजे ज्या दिवसांत औषधाने जीव हमखास वाचतो, त्या दिवसांत ती प्रतिपिंडं मोजणाऱ्या एलायझा तपासणीचा अहवाल बहुधा नकारार्थीच येणार. वेल-फेलिक्स ही शंभर वर्षांपूर्वीची स्वस्त तपासणी खेड्यापाड्यांत मिळते, पण ती कित्येक खरे रुग्ण सोडून देते. अहवालाची वाट पाहणं म्हणजे इथे आजार बळावण्याची वाट पाहणं ठरतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलं आहे की संशय सबळ असेल तर अहवालासाठी उपचार थांबवू नयेत. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही तेच म्हणणं.

दुसरी गोष्ट, सध्या तरी अहवालाची वाट कोण पाहतं? एकाच विडालच्या जोरावर सेफ्ट्रियाक्झोनच्या बाटल्या रोज चढतात. ते औषध रिकेट्सियाला शिवतही नाही, कारण जंतू पेशीच्या पोटात दडलेला असतो. पूर्वी टायफॉईडला क्लोरॅम्फेनिकॉल देत, ते रिकेट्सियावरही चालायचं. निदान चुकलं तरी औषधाने रुग्ण सावरायचा. आता टायफॉईडचं औषध बदललं, आणि चुकीच्या निदानाला मिळणारी ती सवलत संपली. मग संयम फक्त रिकेट्सियावरच्या डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीतच का? ती जुनी, स्वस्त गोळी आहे, तिच्यासाठी शिरेत सुई लागत नाही, आणि रिकेट्सिया असेल तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. उतरला नाही तर निदानच पुन्हा तपासायचं. औषधाचा असा काटेकोर वापर गैरवापरात कसा मोडतो?

सरसकट प्रत्येक तापाला डॉक्सी द्या, असं मी म्हणत नाही. अकोल्याची गुणपद्धती याचसाठी उपयोगाची आहे. तिच्यात एकूण ३५ गुण आहेत. गोचीड चावल्याचा इतिहास ३, तळहात-तळपायांवरचं पुरळ ३, गोचिडीशी संपर्क २, सोडियम १३० किंवा त्याखाली २, घरात पाळीव प्राणी असेल तर १. बेरीज १४ किंवा त्याहून जास्त झाली की संशय सबळ. याला महागडं यंत्र लागत नाही. लागतात ते प्रश्न, उजेड आणि रक्ताच्या नेहमीच्या चाचण्या.

रुग्ण बदलला की आजाराचं रूप बदलतं, म्हणून एकच साचा चालत नाही हे खरं. लहान मुलांच्या बाबतीत तर जुनी भीती अजून आडवी येते. डॉक्सीने दात पिवळे पडतात असं शिकवलं गेलं. ते जुन्या टेट्रासायक्लिनबद्दल होतं. अमेरिकेत आठ वर्षांखालच्या ज्या मुलांना डॉक्सी दिली गेली होती त्यांचे दात नंतर तपासले गेले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तसे डाग आढळले नाहीत. तिथल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ पासून कोणत्याही वयात तीन आठवड्यांपर्यंत ती देता येईल असं मान्य केलं. दाताच्या भीतीने मूल गमावणं हा कसला सौदा? गरोदर बाईसाठी आपल्याकडे अझिथ्रोमायसिनचा पर्याय सुचवला जातो, आणि तिच्या बाबतीत नुसत्या ‘तापाच्या गोळ्या’ देत बसण्यात दोन जीव टांगणीला लागतात. मधुमेही म्हातारा माणूस ठिपके न दाखवता खोकला आणि भ्रम घेऊन येतो, मग त्याला न्युमोनिया म्हटलं जातं. दारूचं व्यसन असलेल्यांत आणि जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत हा ताप अधिक उग्र होतो, आणि ही कमतरता घरात कोणाला आहे हे कुटुंबाला माहीतच नसतं. सल्फा गटातल्या औषधांनी आजार चिघळण्याचा धोका वेगळाच. शिवाय डेंगीची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून प्रकरण मिटत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. डेंगीचा ताप साधारण आठवड्याभरात ओसरायला हवा. तो हटत नसेल तर दुसरं कारण शोधायलाच हवं.

परदेशातल्या नातेवाइकांकडून गोचिडीपासूनच होणाऱ्या ‘लाइम’ आजाराची माहिती मोबाइलवर येते आणि गुडघे दुखणाऱ्या काकूंच्या महागड्या तपासण्या सुरू होतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी लाइमची काळजी जरूर घ्यावी, तिथे तो नेहमीचा आहे. तो पसरवणारी गोचीड मराठवाड्याच्या माळावरची नव्हे. इथे शोधायचा आहे तो आठवड्यात जीव घेऊ शकणारा, पण वेळेत ओळखला तर स्वस्त गोळीने बरा होणारा ताप.

कुत्री मारा, शेळ्या विका, अशी आरोळी यातून उठली तर ती लेखाचा विपर्यास असेल. प्रत्येक गोचीड जंतू वाहत नाही आणि प्रत्येक चाव्याने ताप येत नाही. गोठा स्वच्छ ठेवणं, भेगा लिंपणं, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जनावरांवर आणि कुत्र्यांवर औषध लावणं, गोचिडी उघड्या हाताने न चिरडणं, अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढणं, एवढं पुरतं. काडीने जाळू नका, रॉकेल ओतू नका.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात रिकेट्सियाची एलायझा तपासणी नियमित मिळावी, आणि पाच दिवसांपेक्षा जास्त ताप असलेल्या, डेंगी-मलेरिया निगेटिव्ह आलेल्या रुग्णांचे नमुने वर्षभर तरी तपासले जावेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर चार प्रश्न छापावेत: घरी जनावरं किंवा कुत्रा आहे का, गोचीड चावली का, गेल्या पंधरवड्यात कुठे होतात, तळवे पाहिले का. पशुसंवर्धन आणि आरोग्य ही दोन्ही खाती एकाच जिल्हा परिषदेत बसतात. ज्या गावात गुरांवर गोचिडी उसळल्या त्या गावाचं नाव पशुवैद्यकाने आरोग्य केंद्राला कळवायला एक फोन पुरतो. वर्षभर असं करून खरोखरच एकही रुग्ण सापडला नाही, तर ‘आपल्याकडे हा आजार नाही’ हे वाक्य मी आनंदाने मान्य करीन.

तोवर वाचकांना सांगणं इतकंच. घरात कोणाला चार दिवसांहून जास्त ताप असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. शेळ्या आहेत, कुत्रं आहे, गोचीड काढली होती, तोडीवरून परतलोय, हे स्वतःहून सांगा. आणि रुग्णाचे पाय धुऊन तळवे त्यांना दाखवा.